दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे, किल्ल्या कापायचे. हे मला सांगावे लागते, कारण आता माझ्याकडे पाहून ते कुणाच्या लक्षात येत नाही. काल एका मुलीने मला पेन्सिलीला टोक करायचे यंत्र ठरवले. तिचा भाऊ म्हणाला, "वेडी आहेस का? हे खिमा करायचं मशीन आहे." दोघे त्यावरून बराच वेळ भांडली. तेव्हा मला बोलता आले असते तर मी भांडण मिटवले असते.

मला एक हँडल आहे आणि शेजारी शेजारी दोन पकडी आहेत. एका पकडीत मूळ किल्ली बसवायची, दुसरीत कोरी. हँडल फिरवले की माझे एक लोखंडी बोट मूळ किल्लीच्या दात्यांवरून चालायचे आणि त्याच्या जोडीने माझे दातेरी चाक कोऱ्या किल्लीवर तेच दाते कापायचे. एका किल्लीची चाल दुसरीला शिकवायची, एवढेच माझे काम. आज त्या चाकाच्या जागी नुसता दांडा उरला आहे. ते चाक कुठे गेले, हे सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. मला हिरवा रंग दिला होता, तो अजून माझ्या पोटाखाली थोडासा शिल्लक आहे. एका कुलूपवाल्याने आपली सायकल विकून मला घेतले आणि पुढे कित्येक वर्षे तो पायी फिरला. कपबश्यांच्या एका मोठ्या कारखान्याच्या फाटकासमोर, भिंतीला टेकून त्याची लाकडी टपरी होती. कारखान्यातून पांढरी माती उडायची. संध्याकाळपर्यंत मी, माझा मालक आणि खुंट्यांवर टांगलेल्या किल्ल्या, सगळे पीठ चाळल्यासारखे दिसू लागायचो.

मालकाची एकुलती एक मुलगी शाळा सुटली की टपरीत येऊन बसायची. बापाने तिला कानस धरायला शिकवले, कुलूप उघडून आतल्या खिट्ट्या मोजायला शिकवले. आणि एक रीत शिकवली. किल्ली कापून झाली की मूळ किल्ली आणि नवी किल्ली, दोन्ही गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायच्या आणि त्याची मूठ आपल्या हाताने मिटायची. म्हणजे आपल्याकडे काही उरले नाही हे त्याला दिसते.

"आणि कुलूप कशाला लावताय, हे कुणाला विचारायचं नाही," तो म्हणायचा. "लावावंसं वाटलं, एवढं पुरे."

बाप गेल्यावर मुलीने टपरी चालवली. तोवर तिचे नाव किल्लीताई पडले होते. तिच्याहून वयाने मोठी माणसेही तिला ताई म्हणत. तिचे लग्न कारखान्याच्या भांडारात काम करणाऱ्या एका माणसाशी झाले. तो स्वभावाने अगदी मऊ होता. रस्त्यात कुणी त्याला धक्का मारला तर हाच "माफ करा" म्हणायचा. कारखान्याने त्याला राहायला दोन खोल्या दिल्या होत्या. तिथे तो, ताई आणि त्याची आई राहत. आईचे पाय कधीच गेले होते. ती खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायची आणि कारखान्याचा डॉक्टर दर आठवड्याला येऊन तिला तपासून जायचा.

लग्न झाले तेव्हा लोक म्हणाले, आता टपरी बंद कर, नवऱ्याची नोकरी पक्की आहे. ताई म्हणाली, "त्यांची नोकरी त्यांची. माझी टपरी माझी." नवऱ्यालाही त्यात वावगे वाटले नाही. उलट सुट्टीच्या दिवशी तो माझ्याशेजारी येऊन बसायचा आणि हौसेने हँडल फिरवायचा. किल्ली बरोबर कापायचा, पण कडा घासायच्या विसरायचा.

"तुमच्या किल्लीने कुलूप उघडतं खरं," ताई हसून म्हणायची, "पण बोट कापतं."

ती माझी सुखाची वर्षे होती. माझे हँडल गुळगुळीत झाले होते. ताई रोज मला तेल घालायची, दात घासायच्या जुन्या ब्रशने माझ्यातला पितळेचा कीस झाडायची. लोक म्हणायचे, ताईच्या यंत्राची किल्ली पहिल्या झटक्यात लागते. कारखान्याचे कल्याण अधिकारी स्वतः एकदा आले होते. उंच, अत्तर लावणारे, सगळ्यांना बेटा म्हणणारे गृहस्थ. त्यांच्या मेजाच्या खणाची किल्ली हवी होती. ती घेऊन ते मला थोपटून गेले. मित्रांनो, खरे सांगते, तेव्हा मला ते आवडले होते.

मग कारखान्याने बायकांसाठी वसतिगृह बांधले.

कपांच्या काठावर रंगाची बारीक रेघ ओढायला दूरदूरच्या गावांहून मुली आणल्या. कप एका हाताने फिरवायचा, दुसऱ्या हातातला ब्रश हलू द्यायचा नाही. ज्यांचा श्वाससुद्धा हळू चालतो अशांचे ते काम. प्रत्येकीला एक पत्र्याचे कपाट मिळाले आणि त्याला कारखान्याचे कुलूप. ओळखीचे कागद मात्र अधीक्षिकाबाईंकडे जमा करायचे. पगारही कारखान्याच्याच ठेवीत ठेवायचा, आणि करार संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. "तुमच्याच भल्यासाठी आहे बेटा," कल्याण अधिकारी सांगायचे. "तुम्ही लहान आहात. हरवाल, उधळाल."

काही मुलींनी ऐकले. काहींनी कागद घरी राहिले म्हणून सांगितले, पगार रोख मागून घेतला आणि दोन्ही कपाटात ठेवले. मग त्यांच्या लक्षात आले की कारखान्याच्या कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडे आहे आणि एक अधीक्षिकाबाईंकडे.

त्यातली पहिली टपरीवर आली ती एक लांब वेणीची मुलगी. तिच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास येत होता. ती आधी इकडेतिकडे बघत बसली. मग म्हणाली, "ताई, एकाच किल्लीचं कुलूप मिळतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरी किल्ली कुणाकडेच नसते, असं."

ताईने काही विचारले नाही. तिने एक कुलूप खोलले, आतल्या खिट्ट्या बदलल्या आणि नव्या चालीची किल्ली कापली. एकच. ती वेणीवालीच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली. वेणीवाली मूठ तशीच धरून उभी राहिली.

"माझी आई आजारी असते," ती आपणहून म्हणाली. "कधीही निरोप येईल. आला की मला लगेच निघता यायला हवं. कागद आणि गाडीभाडं जवळ असलं म्हणजे झालं."

त्यानंतर एकीमागून एक पोरी यायला लागल्या. येताना भिंतीकडेने यायच्या आणि जाताना रस्त्याच्या मधून जायच्या. मी फार किल्ल्या कापल्या आहेत, पण माणसाची चाल बदलणाऱ्या किल्ल्या त्याच.

अशी गोष्ट लपून राहत नाही. एके दुपारी कल्याण अधिकारी पुन्हा आले. या वेळी त्यांनी आत येऊन बाकावर बसायची परवानगी मागितली.

"ताई, उन्हातान्हात किती दिवस बसणार? कारखान्यात या. पक्की नोकरी देतो. तुमच्या सासूबाईंना शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तुमच्या यजमानांनाही बढती मिळेल."

"आणि काम काय?"

"हेच. कुलपं, किल्ल्या. फक्त वसतिगृहातल्या प्रत्येक कुलपाची एक जास्तीची किल्ली आमच्याकडे द्यायची. आग लागली, काही झालं, तर उघडता यायला हवं ना?"

ताई कानस पुसत होती. ती म्हणाली, "साहेब, मागे तुमच्या खणाची किल्ली करून दिली होती. तिची एक जास्तीची माझ्याकडे ठेवून घेऊ का? आग लागली, काही झालं, तर?"

साहेब मोठ्याने हसले. मग हसणे थांबले तरी त्यांचे दात दिसतच राहिले. "बघा. विचार करा," एवढे बोलून ते उठले. या वेळी त्यांनी मला थोपटले नाही.

त्यानंतर भांडारात नवऱ्याला बोलावणी सुरू झाली. कुणी त्याच्यावर ओरडले नाही. फक्त विचारायचे, घर कसे आहे, आई कशी आहे, डॉक्टर नियमित येतात ना. तो संध्याकाळी टपरीवर यायचा आणि नुसता बसून राहायचा. एकदा म्हणाला, "अगं, एक किल्ली देऊन टाकली तर काय बिघडतं? ते थोडेच रोज उघडणार आहेत?"

"रोज उघडणार नसतील तर मागतात कशाला?"

"आपलं घर त्यांचं आहे गं."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "म्हणून तर ही टपरी मोडली नाही मी."

घरातले बोलणे मला कळत नसे. पण एकदा ताई किल्ली कापता कापता थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "सासूबाई काल म्हणाल्या, माझ्या नावावर काही करू नका रे. केलंत ते तुमच्या नावावर करा." मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा हँडल फिरवायला घेतले.

साहेबांना टपरीवर पुन्हा यावे लागले नाही. त्यांच्या ऐवजी परवाना कचेरीतून निरीक्षक आले. काखेत पिशवी असलेला, घामाने भिजलेला साधा माणूस. नवा नियम आला होता. किल्ल्या कापणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येक किल्लीचा मेणावर ठसा घ्यायचा आणि मालकाच्या नावासकट कचेरीत जमा करायचा. तसे केले नाही तर यंत्राचा परवाना मिळणार नाही.

"चोऱ्या थांबवायच्या आहेत ना, बाई," निरीक्षक म्हणाले.

"चोर माझ्याकडे येत नाहीत साहेब. ज्यांची किल्ली हरवते ती माणसं येतात. त्यांची नावं मी तुम्हाला दिली, आणि उद्या तुमच्या कचेरीतून ती आणखी कुणी नेली तर?"

"कोण नेणार?"

ताईने समोरच्या फाटकाकडे नुसते पाहिले. निरीक्षकांनीही पाहिले. त्यांना कळले असावे, कारण त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "मी हुकमाचा ताबेदार आहे," ते म्हणाले. "मलाही मुलंबाळं आहेत."

"मी तुम्हाला बोल लावत नाही. पण ठसा घेणार नाही."

पुढच्या वेळी ते दोन शिपाई घेऊन आले. टपरीला लाखेची मोहोर लागली. मला उचलून हातगाडीवर ठेवले. ताई आड आली नाही. तिने फक्त फडक्याने माझ्या पकडीतला कीस पुसून काढला, जणू मी कुठे पाहुणी चालले होते. हातगाडी हलली तेव्हा नवरा फाटकाच्या आत उभा होता. तो बाहेर आला नाही.

कचेरीच्या मागच्या खोलीत मी खूप दिवस पडून होते. माझ्यावर गंज चढू लागला. मग जप्त केलेल्या वस्तूंचा लिलाव झाला आणि मला विकत घेतले ते कपबश्यांच्या कारखान्याने. मला फाटकातून आत नेले आणि भांडारात, खिडकीखालच्या मेजावर बसवले. मेजामागे उभा होता ताईचा नवरा.

त्याने माझ्या हँडलवर हात ठेवला.

अधीक्षिकाबाई रोज एकेक कुलूप आणून देत. मुली कामावर असताना, साफसफाईचे निमित्त करून, त्या ते कडीसकट काढून आणत आणि पाळी सुटण्याआधी परत लावून ठेवत. सगळी कपाटे एकाच दिवशी, कुणाला सुगावा लागण्याआधी उघडायची तर किल्ल्याच हव्या होत्या. बंद कुलपाची चाल ओळखून आधी कानशीने कच्ची किल्ली घडवायची आणि मग तिच्यावरून माझ्याकडून दुसरी कापून घ्यायची. बायकोशेजारी बसून बसून नवऱ्याला तेही जमू लागले होते. हौसेने शिकलेली विद्या अशी उपयोगी पडेल, असे त्याला कधी वाटले नसेल.

पहिल्या खेपेला त्याने प्रत्येक किल्ली जराशी चुकीची कापली. माझ्या चाकाला ते लगेच कळले. मी मनातून सुखावले. एकही किल्ली लागली नाही. कल्याण अधिकारी भांडारात आले, त्या किल्ल्या त्यांनी मेजावर ओतल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तुझी आई खाटेवरून उठू शकत नाही ना? मग खोल्या रिकाम्या करायच्या झाल्या तर खाटेसकट न्यावी लागेल. रस्त्यावर खाट कुठे मांडशील, ते बघून ठेव."

दुसऱ्या खेपेला त्याने किल्ल्या बरोबर कापल्या.

मित्रांनो, माणसाला नाही म्हणता येते. कठीण असते, पण येते. यंत्राला येत नाही. हँडल फिरले की माझे चाक फिरते. त्या दिवसांत मी कापलेली प्रत्येक किल्ली उत्तम होती, पहिल्या झटक्यात लागणारी. मात्र कापून झाल्यावर त्या कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. एका तारेत ओवून अधीक्षिकाबाईंच्या कमरेला गेल्या.

पाळी चालू असताना सगळी कपाटे उघडली गेली. कागद काढून नेले. रोख रक्कम कारखान्याच्या ठेवीत जमा केली आणि प्रत्येकीच्या कपाटात एक छापील पावती ठेवली. म्हणजे चोरी झाली असेही म्हणता येईना. कपाटे पुन्हा नीट बंद केली होती. संध्याकाळी मुलींनी आपापल्या किल्लीने ती उघडली तेव्हा त्यांना कळले. भांडारापर्यंत ओरडा ऐकू आला.

थोड्याच दिवसांनी वेणीवालीला गावाहून निरोप आला, आई अखेरची आहे. ती कागद आणि गाडीभाडे मागायला गेली. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, साहेबांची सही हवी. साहेब बाहेरगावी गेले होते. ते आले तेव्हा म्हणाले, करार मोडून जाता येत नाही बेटा, अर्ज कर. तिने अर्ज केला. अर्जाचा विचार चालू असतानाच दुसरा निरोप आला. मग कागद मिळाले काय आणि न मिळाले काय, सारखेच होते.

वेणीवाली सरळ ताईच्या दाराशी गेली. हे मला ताईच्याच तोंडून कळले, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी ताई भांडारात आली. इतकी वर्षे समोर बसूनही ती कधी फाटकाच्या आत आली नव्हती. त्या दिवशी नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन आली, म्हणून रखवालदाराने अडवले नाही.

ती दारातच थांबली. आधी तिने मला पाहिले. मग त्याला.

"ती पोरगी आली होती काल," ती म्हणाली. "विचारत होती, ताई, तुम्ही दिलीत का किल्ली? मी म्हटलं, नाही. तिने अधीक्षिकाबाईंच्या जुडग्यातली तिच्या कपाटाची किल्ली कशी कुणास ठाऊक काढून आणली होती. माझ्या हातात दिली. माझं बोट कापलं."

तिने बोट पुढे केले. टोकाला बारीकशी लाल रेघ होती.

नवरा खुर्चीत बसला. "घर गेलं असतं गं," तो म्हणाला. "आईला घेऊन कुठे गेलो असतो मी?"

"मला विचारायचं होतंत."

"तू नाहीच म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते. मग आपण तिघं मिळून रस्त्यावर आलो असतो. आईंना मी पाठीवर घेतलं असतं. पण तुम्ही मला विचारलं असतंत." तिचा आवाज चढला नाही. "त्या पोरीची आई गेली. हिची वाट बघत गेली."

तो रडायला लागला, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखा. ताईने डबा मेजावर ठेवला. माझ्या अंगावरून एकदा हात फिरवला, बोटाला लागलेला कीस पाहिला आणि तो झटकून ती निघून गेली. तो डबा संध्याकाळपर्यंत कुणी उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलींनी ब्रश हातात घेतला नाही. काठाला रेघ नसलेले कप फळ्यांवर साचत गेले. परदेशी जायचा माल थांबला तेव्हा कुठे कारखान्याने सगळ्यांचे कागद परत केले. ठेवीतले पैसे मात्र करार संपेपर्यंत ठेवीतच राहिले, आणि ज्या पुढे होऊन बोलल्या होत्या त्यांना कामावरून काढले. वेणीवालीही त्यात होती. ती गावी गेली. पुढे तिचे काय झाले, मला माहीत नाही. माझी फार इच्छा आहे की ती बरी असावी.

पुढचे मला नंतर कळले. ताई कारखान्याच्या खोल्या सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका जिन्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहू लागली. सासूबाईंना तिने बरोबर चला म्हटले होते. त्या म्हणाल्या, "तू जा सूनबाई. मी इथे राहते. त्याला एकट्याला सोडलं तर तो आणखी काय काय करेल." तरीही ताई रोज सकाळी, तो कामावर गेल्यावर यायची, त्यांना आंघोळ घालायची, जेवू घालायची. तिच्याकडे यंत्र नव्हते. ती नुसत्या कानशीने किल्ल्या घासायची. परवाना यंत्राला लागत होता. कानशीला परवाना लावायचे अजून कुणाच्या डोक्यात आले नव्हते. एका किल्लीला अर्धा दिवस जायचा. कमाई पूर्वीच्या पासंगालाही पुरत नव्हती. पण लोक यायचे, कारण ती अजूनही त्यांची मूठ मिटून द्यायची.

सासूबाई वारल्या. त्यानंतर नवरा कामावर आला तेव्हा त्याचा चेहरा... छे, मित्रांनो, मला तो चेहरा सांगता येत नाही. तो हलका दिसत होता, आणि रिकामाही. त्याने पाना घेतला, माझ्या दांड्यावरचा नट सोडवला, चाक काढले आणि ते घेऊन बाहेर गेला. अंगणात माती कालवायचा मोठा हौद होता. त्यात त्याने ते टाकले. पांढऱ्या चिखलात ते हळूहळू गेले. खिडकीतून मला दिसत होते.

कल्याण अधिकारी धावत आले. "हे कुणी केलं?"

"मी."

"मूर्खा, दुसरं चाक बसवता येतं!"

"बसवा. फिरवायला मात्र दुसरा हात शोधा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाला माफ करा म्हणाला नाही.

त्याची नोकरी गेली, निवृत्तीची रक्कम गेली, खोल्या गेल्या. कारखान्याला काही फरक पडला नाही. त्यांनी विजेवर चालणारे नवे यंत्र आणले आणि मला भंगारात काढले. त्याने जे केले त्याचा उपयोग झाला का, असे तुम्ही विचाराल. कुलपांना झाला नाही. त्याला झाला असेल. आणि फार उशिरा झाला.

भंगारवाल्याने मला ओळखले आणि तो ताईला निरोप देऊन आला. तिने मला सोडवून आपल्या खोलीत आणले. चाक नसल्यामुळे मी कापू शकत नव्हते. तरी तिने मला खिडकीत ठेवले, तेल घातले, कीस नव्हता तरी ब्रश फिरवला.

काही दिवसांनी नवरा तिथे आला. एका बेकरीमागे त्याने राहायला जागा मिळवली होती, पीठ उतरवायचे काम करायचा. ताईने त्याला आत घेतले. तिने त्याच्यासमोर एक कोरी किल्ली आणि कानस ठेवली. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी यायचा. ती किल्लीचे दाते पाडायची आणि तो कडा घासायचा. इतक्या मन लावून घासायचा की किल्ली रेशमासारखी लागायची. मग दोघे एकत्र जेवायची. कधी कधी जुन्या गोष्टी निघायच्या, हसणेही व्हायचे. मग तो बेकरीमागे झोपायला जायचा.

खोलीच्या कुलपाची किल्ली मात्र तिने त्याला दिली नाही. त्याने मागितली नाही. तो रोज दार वाजवायचा आणि थांबायचा. ती रोज उठून उघडायची. तिला ताप असला तरी उठायची. मला वाटायचे, आज देईल. आज तरी देईल. ती द्यायची नाही, आणि दार उघडायला एक दिवसही चुकायची नाही. या दोन्हीपैकी तिचे खरे मन कुठले, ते मला कळले नाही. मला वाटते, दोन्ही खरी होती.

अशीच कित्येक वर्षे गेली. मग एका हिवाळ्यात तिच्या छातीत कफ धरला आणि ती गेली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी सगळे निस्तरले. नवरा सगळीकडे बरोबर गेला, सांगतील तिथे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजले. तो आला आणि सवयीने त्याने दार वाजवले. मग थांबला.

घरमालकीणबाई वर आल्या. "अहो, आत कोण आहे आता?" त्या हळूच म्हणाल्या. "ही घ्या किल्ली. ठेवा तुमच्याकडेच."

मग त्याचा आवाज आला.

"नको. तिने दिली नव्हती."

बाईंनी स्वतः दार उघडले. तो आत आला, खिडकीशी बसला आणि अर्धी राहिलेली एक किल्ली त्याने घासून पूर्ण केली. ज्याची होती त्याला नेऊन दिली. पुन्हा तो त्या जिन्यावर आला नाही.

बाईंनी खोली मुलांच्या वाचनालयाला दिली, म्हणून मी आज तुमच्यात आहे. माझ्या हँडलशी खुशाल खेळा, मला राग नाही. जमले तर कधीमधी थोडे तेल घाला. पण मित्रांनो, माझे एक ऐका. मोठे झाल्यावर तुमच्याकडे किल्ली मागणारे पुष्कळ भेटतील. कुणी भल्यासाठी म्हणून मागेल, कुणी नियम दाखवून मागेल, कुणी तुमच्या आईचे नाव घेऊन मागेल. तेव्हा घाबरलात तर घाबरा, पण घरातल्या माणसाला विचारल्यावाचून हात पुढे करू नका. आणि त्याची सवय आजपासूनच करा. घरात बहिणीचा खण बंद असेल, आजोबांची पेटी बंद असेल, तर आत काय आहे म्हणून किल्ली शोधू नका. त्यांना वाटेल तेव्हा ते उघडतील. तोवर दार वाजवा, आणि थांबा.